घरात कोण कोण असतं?

मिरान गल्लीच्या तोंडाशी गाडी लावायची आणि तिथूनच गायला लागायची. गाणं कसलं, नुसता गळा काढणं! दोन्हीकडच्या काळ्या दगडांच्या गडग्यांमधून तिचा तो भसाडा आवाज वळणं घेत आत शिरायचा, आणि गाजराच्या शेतात वाकलेल्या बायका मान वर न करता म्हणायच्या, "आली बाई आपली कोकिळा." आमच्या गावातल्या कुत्र्यांनीसुद्धा तिच्यावर भुंकायचं सोडून दिलं होतं.

तिला गायची हौस होती असं नाही. जंगसेंग साम्चुनचं दार वाजवायचं नव्हतं, म्हणून ती गायची. (साम्चुन म्हणजे गावातलं वडीलधारं माणूस, मग बाई असो की बाप्या. जेजू बेटावर आम्ही सगळ्यांना साम्चुनच म्हणतो, नात्याचा हिशेब कोण ठेवत बसणार!)

पहिल्या दिवशी मिरानला हे कुठलं माहीत. म्हाताऱ्या माणसांना घरी जाऊन मदत करणाऱ्या केंद्रात तिनं नुकतंच काम धरलं होतं. केंद्रानं सांगितलं ते एवढंच: बू जंगसेंग, वय ऐंशीच्या पुढे, एकटी राहते, गुडघे कामातून गेलेले, आणि 'त्या हिवाळ्यातून' वाचलेली. तो हिवाळा म्हणजे कोणता, हे बेटावर कुणी कुणाला विचारत नाही. सरकारी फौजेनं डोंगराकडची गावं जाळली आणि माणसं पटांगणात बसवून मारली, तो. मारणाऱ्यांचंच राज्य पुढे इतकी वर्षं चाललं की जी वाचली त्यांनी तोंड शिवून घेतलं, आणि आता कुठे त्यांच्यासाठी रोज घरी एक बाई पाठवायची सोय झालेली. तर मिरान केंद्राचं हिरवं जाकीट घालून, छातीवर बिल्ला लावून गेली आणि दार धाडधाड वाजवलं. एकदा, दोनदा. मग हाकाही मारल्या.

आत चिटपाखरू नाही. मागे जाऊन बघते तर मागचं दार सताड उघडं, आणि जिला धरल्याशिवाय न्हाणीघरापर्यंत जाता येत नाही असं सांगितलं होतं, ती बाई कमरेएवढा गडगा ओलांडून शेजाऱ्याच्या मुळ्याच्या शेतात अनवाणी दडून बसलेली.

"अहो, मी तुमचा स्वयंपाक करायला आलेय!" मिरान गडग्यावरून ओरडली.

मुळ्याच्या पाल्यातून आवाज आला, "आधी ते जाकीट काढ."

तेव्हापासून जाकीट गाडीत राहायचं आणि मिरान गात यायची. म्हातारीला लांबूनच कळायचं की येतंय ते कोण.

मिरान स्वतः साठीला टेकलेली, अंगानं भरलेली, गुडघ्यांनी तिच्याशीही वैर धरलेलं. याआधीची वीस वर्षं तिनं संत्री निवडायच्या शेडमध्ये काढली होती. तिथे पट्ट्याच्या खडखडाटात बोलायचं म्हणजे ओरडावंच लागतं, तो आवाज तिला कायमचा चिकटला. नवरा बसगाड्या चालवून निवृत्त झालेला आणि घरात बसून तोंड फुगवणारा. "माझ्या आईचं कधी एवढं केलं नाहीस," तो म्हणायचा. मिरान म्हणायची, "तुझी आई मला शिव्या देताना घास तरी गिळत होती का? ही निदान जेवून मग देते."

शिव्या खऱ्याच. जंगसेंग साम्चुननं आयुष्य समुद्राच्या तळाशी शंख आणि शेवाळ काढण्यात घालवलेलं. कानात पाणी जाऊन जाऊन ऐकू कमी यायचं आणि जीभ मात्र वस्तऱ्याची.

"हे सार आहे की भांडी विसळलेलं पाणी?"

"डॉक्टरनं मीठ कमी करायला सांगितलंय."

"मग त्यालाच बोलव जेवायला."

"बोलावते. तो आला की तुम्ही उठून मुळ्याच्या शेतात जाल."

म्हातारी हसायची नाही, पण सार संपवायची. आंघोळीला बसवलं की पाठ पुढे करून म्हणायची, "जोरात घास. मी काय अंडं आहे, फुटायला?" ती एवढीशी पाठ, मणके मोजून घ्यावेत अशी. मिरान घासायचं नाटक करायची आणि नुसताच गरम पाण्याचा टॉवेल फिरवायची. मग तिचे पाय मांडीवर घेऊन नखं कापायची. एकदा नखं कापता कापता मिरानला नवऱ्यानं टक्कल झाकायला आणलेल्या विगाची गोष्ट सांगायची हुक्की आली, आणि म्हातारी अशी खदखदून हसली की कवळी निसटून मांडीवर पडली. त्यावर दोघी इतक्या हसल्या की शेजारीण बघायला आली. मिरानचा जीव जडला होता त्या म्हातारीवर, उगाच कशाला आडपडदा ठेवा.

तर अशी तीन वर्षं चांगली गेली, आणि मग यंदाच्या वसंतात ती भानगड झाली.

केंद्रात यंदाच रुजू झालेले सोंगसाहेब म्हणून एक गृहस्थ, चाळिशीचे, चष्मा लावणारे; वर्षातून एकदा घरोघर फिरून मदतीची गरज अजून आहे ना ते बघायचं काम त्यांच्याकडे. ते आले नेमके मिरानच्या सुट्टीच्या दिवशी. आदल्या दिवशी त्यांचा फोन आला होता, आणि म्हातारीनं मिरानला त्यातलं अक्षर सांगितलं नाही. रात्रभर तयारी केली असणार. सकाळी ओट्यासमोर जोड्यांची ही रांग! मेलेल्या नवऱ्याचे रबरी बूट, मुलाच्या जुन्या सपाता, नातवाचे कधीचे लहान झालेले बूट, आणि एक लाल चपलांचा जोड तर शेजारणीच्या ओट्यावरून उचलून आणलेला. आत टेबलावर पाच वाट्या, पाच चमचे. स्वतः लग्नकार्यातला पोशाख घालून, केसांना तेल लावून ताठ बसलेली.

"आजी, घरात कोण कोण असतं?" सोंगसाहेबांनी विचारलं.

"सगळे."

"सगळे म्हणजे?"

"मुलगा बागेत गेलाय. सून बाजारात. नातू आत झोपलाय, आवाज करू नका. मालक आत्ता येतील."

मालक वारून बारा वर्षं झाली होती. पण सोंगसाहेबांना ते कोण सांगणार? मुलाचं, चांगबमचं, नाव अजून त्याच घराच्या पत्त्यावर होतं, संत्र्याच्या बागेपायी. तो स्वतः समुद्रापलीकडे उल्सानला, जहाजांच्या कारखान्यात. साहेबांनी जोडे बघितले, वाट्या बघितल्या, झोपलेल्या नातवासाठी आवाज खाली आणला, आणि समाधानानं निघून गेले. नियम साधा होता: रोज बाई मिळते ती एकटं राहणाऱ्याला. घर भरलेलं असेल तर घरच्यांनी बघायचं.

दुसऱ्या दिवशी केंद्रातून मिरानला फोन आला की पुढच्या महिन्यापासून जंगसेंग आजींकडे जायची गरज नाही, मुलगा-सून परत आलेत म्हणे, चांगलं झालं.

"कोण परत आलंय?" मिरान एवढ्यानं ओरडली की पलीकडच्या मुलीनं फोन कानापासून लांब धरला असणार. "माझं टाळकं परत आलंय! तिथे मांजरसुद्धा राहत नाही!"

तिनं चांगबमला फोन लावला. तो माणूस वाईट नव्हता, लांब होता इतकंच. पत्त्यावरचं नाव आजच काढतो म्हणाला, आणि काढलंही. पण मग घसा खाकरून म्हणाला, "मिरानताई, तुम्ही येणार नसाल तर आईला शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवावं लागेल. आगीपाशी तिला एकटीला कसं ठेवू? मागे एकदा चादर पेटवलीये तिनं."

मिराननं फोन ठेवला. मागच्या वर्षी खुबा दुखावला तेव्हा म्हातारीला अशाच एका ठिकाणी काही दिवस ठेवलं होतं. स्वच्छ जागा, गोड माणसं, कुणाला नाव ठेवायला जागा नाही. पण संध्याकाळी एकसारख्या कपड्यातली माणसं यायची, खोल्यांतून फिरून कोण आहे कोण नाही ते बघायची आणि दारं लावून घ्यायची. म्हातारी पलंगाखाली शिरून बसायची. जेवण सोडलं, बोलणं सोडलं. मिरान भेटायला गेली तर तिला ओळखलं नाही. घरी आणल्यावर पंधरवडाभर पेजेवर ठेवून तिला माणसात आणली होती. पुन्हा तिथे टाकली तर ती उन्हाळा काढणार नाही, हे मिरानला लख्ख दिसत होतं.

केंद्रात जाऊन तिनं सोंगसाहेबांना गाठलं. साहेब कळवळले बिचारे, पण म्हणाले, "पत्ता सुधारला ते ठीक. पण मागच्या वेळी आजींनीच मला तोंडानं सांगितलंय की घर भरलेलं आहे. मी पुन्हा येतो. त्यांनी एकदा स्वतः म्हणायला हवं, मी एकटी राहते. तुम्ही सांगून चालणार नाही, तुमची नोकरी आहे ना त्यात."

"एवढंच ना?" मिरान म्हणाली. तिला वाटलं, तीन शब्द तर आहेत. मी वदवून घेईन.

त्या दिवशी अंगणात नेच्याचे कोंब उकडून वाळत घातले होते. डोंगरउतारावरून मिरानच घेऊन आली होती पोतंभर. दोघी चटईवर बसून कोवळे वेगळे, जून वेगळे करत होत्या. मिराननं विषय काढला तो सरळ भांडणाच्या सुरातच.

"जोडे कुणी मांडले होते, साम्चुन?"

"कुठले जोडे?"

"आता कुठले म्हणून विचारा! शेजारणीनं सगळं सांगितलंय, ती दिवसभर अनवाणी फिरत होती. खोटं कशाला बोललात? मुलगा बागेत, मालक आत्ता येतील! लाज नाही वाटली मेलेल्या माणसाला जेवायला बसवायला?"

म्हातारी कोंब निवडत राहिली.

"तुम्ही एकट्या आहात म्हणून सांगायचं. परत येणारेत ते. एवढं एकच वाक्य. म्हणा बघू: मी एकटी राहते."

"सगळे आहेत."

"म्हणा, मी एकटी..."

"सगळे आहेत म्हटलं ना! कुणी कुठे गेलेलं नाही!" म्हातारी इतक्या जोरानं ओरडली की हातातले कोंब चटईवर सांडले. म्हातारीनं एकेक कोंब पुन्हा गोळा केला, आणि खाली बघतच बोलायला लागली. तीन वर्षांत तिनं त्या हिवाळ्याबद्दल शब्द काढला नव्हता.

"मी नऊ वर्षांची होते. वरचं गाव जाळलं आणि आम्हाला खाली हाकललं. शाळेच्या पटांगणात बसवलं सगळ्यांना, घर घर वेगळं करून. ज्या घरातलं माणूस कमी भरेल ते घर डोंगरावर लपलेल्या बंडखोरांना सामील. आणि जो नाही सापडला त्याच्या बदल्यात दुसरं."

"दुसरं काय?"

"दुसरं माणूस. आई, बाप, जे असेल ते."

मिरानचे हात थांबले.

"आमचा दादा सतराचा. भिऊन पळाला होता वर. त्याला काय कळत होतं, त्याला साधा कोंबडा मारवत नव्हता. आई म्हणाली, विचारलं तर सांग, दादा मामाकडे आहे, ताप आलाय. मी घोकून ठेवलं. पण जो आला ना विचारायला, तो चांगला होता गं. बाकीचे ओरडत होते, हा नाही. माझ्यासमोर उकिडवा बसला. म्हणाला, बाळ, घरात कोण कोण असतं? मी म्हटलं, आई, दादा आणि मी. म्हणाला, दादा कुठाय? सांग, मी काही करत नाही."

पलीकडे गाजराच्या शेतात कुणीतरी पंप चालू केला. तो बंद होईपर्यंत म्हातारी थांबली.

"सांगितलं मी. डोंगरावर गेलाय म्हटलं. मला वाटलं, हा त्याला घरी आणून देईल. थंडी फार होती त्या दिवसांत."

"साम्चुन..."

"मग आईला उठवलं. आई माझ्याकडे बघत पण नव्हती, दुसरीकडेच बघत गेली. मला वाटलं रागावली. मोठी झाल्यावर कळलं, मी तिची आहे हे त्यांना दिसू नये म्हणून." तिनं नाक पुसलं. "म्हणून विचारलं कुणी तर आमचं घर भरलेलं असतं. कळलं का तुला, शहाणे?"

मिराननं म्हातारीचा नेच्यानं काळा झालेला हात धरला. पुन्हा ते वाक्य वदवून घ्यायची तिची छाती झाली नाही. घरी गेल्यावर नवऱ्यासमोर ताट ठेवता ठेवता ती हमसाहमशी रडली, आणि त्या माणसानं बिचाऱ्यानं पहिल्यांदाच काही न विचारता भांडी घासली.

पण दिवस तर ठरला होता. मिराननं सोंगसाहेबांना आधीच बजावलं, "जाकीट घालू नका. दार वाजवू नका. ओरडू नका. सरकारी माणसाला घाबरतात त्या. हळूच विचारा, गोड बोलून." पटांगणातली गोष्ट तिनं सांगितली नाही. ती म्हातारीनं तिला सांगितली होती, साहेबांना नाही. आणि चुकलं ते तिथेच.

त्या सकाळी मिरान मागच्या नळाशी भाजी धूत होती. आत फोन वाजला, म्हातारीनं घेतला. थोड्या वेळानं ती काठी टेकत मागे आली. चेहरा असा पांढरा पडलेला की मिरानला वाटलं, हिला चक्कर येतेय.

"आत चल," म्हातारी म्हणाली.

"काय झालं? कुणाचा फोन?"

"तो येतोय. तुझं नाव विचारलं त्यानं. तू आहेस का घरात म्हणून विचारलं. तुला बघायचंय म्हणाला."

"मग बघू दे की! मी काय नवरी आहे लाजायला?" मिरान हसली. "माझी सही हवी असेल."

म्हातारीनं तिचं मनगट धरलं. त्या हातात जोर कुठून आला देव जाणे. "हसू नकोस," ती कुजबुजली. "मिरान, हसू नकोस गं. चल."

मिराननं तिच्या डोळ्यांत बघितलं आणि निमूट उठली. स्वयंपाकघराला लागून धान्याची अंधारी कोठी होती. म्हातारीनं तिला बार्लीच्या दोन रांजणांमागे कोंबलं. कोंबलं म्हणजे खरोखर कोंबलं, कारण मिरान आणि रांजण यांत मापाचा फारसा फरक नव्हता. तिच्या चपला आणून तिच्या मांडीत टाकल्या, वर एक जुनं गोणपाट पांघरलं. "श्वास हळू घे," म्हणाली, "आणि काही झालं तरी बाहेर यायचं नाही. मी हाक मारेपर्यंत नाही." दार लागलं.

गोणपाटाखाली मिरानच्या मनात पहिला विचार आला तो हाच की आता झालं, संपलं. साहेब येणार, मला शोधणार, ही पुन्हा सांगणार की घर भरलेलं आहे, आणि मी इथे कोठीत. उठून बाहेर जावं आणि सगळं हसण्यावारी न्यावं, असंही वाटलं. पण त्या हाताची पकड मनगटावर अजून होती. ती बसून राहिली.

सोंगसाहेब शहाण्या मुलासारखे आले. दार वाजवलं नाही, अंगणातूनच "आजी, मी येऊ का?" म्हणाले. आल्यावर इकडेतिकडे बघितलं असावं. "मिरानबाई नाहीत का? त्यांची गाडी दिसली म्हणून म्हटलं."

"कोण मिरान?" म्हातारी म्हणाली.

साहेब गोंधळले. त्यांनी मिरानला फोन लावला. आणि कोठीत, एप्रनच्या खिशात, मिरानचा फोन ठणाणा गायला लागला! तिनं दोन्ही हातांनी तो पोटाशी दाबून बंद केला.

"रेडिओ आहे," बाहेर म्हातारी म्हणाली.

"अच्छा. रेडिओ," सोंगसाहेब म्हणाले. मग वाकताना गुडघा वाजल्याचा आवाज आला. ते म्हातारीच्या खुर्चीसमोर खाली बसले होते, तिला वर बघावं लागू नये म्हणून. आवाज अगदी मऊ करून त्यांनी विचारलं, "आजी, घरात कोण कोण असतं?"

मिराननं डोळे मिटले. आता म्हणेल, सगळे.

"कुणी नाही," म्हातारी म्हणाली.

"मुलगा?"

"उल्सानला असतो. जहाजं बांधतो. सणासुदीलाही येत नाही मेला."

"आणि आजोबा?"

"वारले. कधीच वारले."

"पण मागच्या वेळी तुम्ही म्हणालात की सगळे..."

"खोटं बोलले. घरात मी एकटी. दुसरं कुणी नाही. वाटेल तेवढ्यांदा विचार."

कोठीत मिरानच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. झालं होतं की काम! तीन शब्द हवे होते, म्हातारीनं दहा दिले. आता या माणसानं उठावं आणि जावं. पण सोंगसाहेबांना त्या बंद दाराची काळजी लागली असावी. म्हातारी बाई, आत कुणीतरी, गाणारा फोन. त्यांनी आणखी गोड आवाजात विचारलं, "आणि मिरानबाई कुठे आहेत, आजी? सांगा ना. मी काही करत नाही."

"नको," मिरान गोणपाटातच पुटपुटली, "असं नका विचारू हो."

बाहेर काठी पडल्याचा आवाज झाला. मग पावलं, घासत घासत, काठीशिवाय. ती कोठीच्या दाराशी येऊन थांबली. फळ्यांच्या फटीतून येणारा उजेड बंद झाला. म्हातारी दाराला पाठ लावून उभी होती. तिचा श्वास मिरानला फळीपलीकडून ऐकू येत होता.

"सांगितलं ना, इथे कुणी नाही," ती म्हणाली. आवाज फाटला होता, पण थांबला नाही. "आणि कुणाच्या बदल्यात कुणी न्यायचंच असेल, तर मला ने. मी आहे ना इथे. मला ने."

मिरानला उठायचं होतं, दार उघडून त्या बाईला मिठी मारायची होती, आणि तिला कळत होतं की आत्ता बाहेर पडणं म्हणजे या बाईनं जे केलं ते मातीत घालणं. तिनं गोणपाट दातांत धरलं.

शेवटी सोंगसाहेबांचा आवाज आला. तो आता मऊ नव्हता, नुसता घोगरा होता. "कुणाला न्यायला नाही आलो हो मी. चुकलं माझं, मी असं विचारायला नको होतं. तुम्ही एकट्या राहता, मी लिहून घेतलंय. झालं काम." ते बोलता बोलता मागे सरकत होते. अंगणातून म्हणाले, "आणि ज्या कुणी येतात त्या रोज येतील. पूर्वीसारख्याच." दाराला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं म्हणाले ते.

तरी म्हातारी हलली नाही. गल्लीत गाडी सुरू झाली, वळली, मोठ्या रस्त्याला लागली, तिचा आवाज पार विरला. तेव्हा कुठे उजेड परत आला आणि दार उघडलं.

"गेला," म्हातारी म्हणाली. "ये बाहेर."

मिरानला उठता येईना. पायांना मुंग्या आलेल्या, गुडघा दोन रांजणांमध्ये अडकलेला, नाकातोंडाला बार्लीचा कोंडा, आणि रडं तर थांबतच नव्हतं. म्हातारीनं एकदा तिच्याकडे बघितलं, मग फळीला धरून, कण्हत कण्हत, स्वतःच तिच्यापुढे जमिनीवर बसली. बाहीनं तिचं तोंड पुसलं.

"रडतेस कशाला, वेडे? नाही सांगितलं मी."

मिराननं मान हलवली.

"खाली बसून विचारलं त्यानं. चांगला होता गं, गोड बोलत होता." म्हातारी दम खात होती. "तरी नाही सांगितलं."

मिरानच्या जिभेवर एरवी दहा थट्टा तयार असायच्या. तिनं म्हातारीचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"वाचवलंत मला, साम्चुन," ती म्हणाली.

म्हातारी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. हे खरं बोलतेय की आपली समजूत घालतेय, ते शोधत राहिली.

"वाचलीस ना?" तिनं विचारलं.

"वाचले."

"नक्की ना गं?"

"ही काय, तुमच्यासमोर बसलेय," मिरान म्हणाली.